समुद्रावर जाताना जंगलात जातोय असं समजा

गेल्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की लेकीकडे मेरीलँडला असताना रानटी घोड्यांच्या बेटावर जाऊन आले. त्या एका ओळीवर एकतीस पत्रं आली. नागपूर-विदर्भातल्या घराघरातलं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे आणि उन्हाळा लागला की आईवडील तिकडे निघतात, हे ठाऊक होतं. पण झिरो माइलच्या खांबाभोवती जन्म काढलेल्या आपल्या माणसांना समुद्राची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. तर या वेळचं सगळं पान किनाऱ्यांना.

चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे आधी थोडं फळ्यावर लिहिते. अमेरिकेत 'नॅशनल सीशोअर' म्हणून राखून ठेवलेले दहा किनारे आहेत. सगळे नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे ग्रँड कॅन्यन ज्यांच्याकडे त्यांच्याकडेच. कायद्याने पहिला उत्तर कॅरोलायनातला केप हॅटरस, १९३७ चा. बाकीचे नऊ १९६१ ते १९७५ या काळातले. तिथे भेळ नाही, उंटाची फेरी नाही, नारळपाणी नाही. गणपतीपुळे मनात धरून गेलात तर हिरमुसून परत याल. पेंचला जातो तसं जा. गेट, वेळ, नियम, डबा आपला आणि कचरा परत आपल्याच पिशवीत. आपल्याला समुद्र कळत नसेल, जंगल तर कळतं ना!

ताई, आम्ही दोघं जुलैमध्ये मुलाकडे व्हर्जिनियाला जातोय. ह्यांना गर्दी सोसत नाही आणि माझे गुडघे दुखतात. तुम्ही लिहिलेलं घोड्यांचं बेट आम्हाला झेपेल का? जेवणाखाण्याचं कसं? — एक वाचक, वर्धा

झेपेल. बेटाचं नाव असाटीग. अटलांटिकच्या काठाला समांतर पडलेली साठ किलोमीटरची चिंचोळी पट्टी. वरचा भाग मेरीलँडचा, खालचा व्हर्जिनियाचा. वॉशिंग्टनच्या बाजूने निघालात तर मेरीलँडच्या गेटपर्यंत गाडीने तीनेक तास. वाटेत चेसापीक खाडीवरचा लांबलचक पूल लागतो, तेव्हा खिडकीची जागा तुम्ही घ्या. गाडी थेट किनाऱ्यामागच्या पार्किंगपर्यंत जाते. दलदल, रान आणि वाळूच्या टेकड्या दाखवणाऱ्या तीन छोट्या पायवाटा आहेत, प्रत्येकी अर्ध्या मैलाच्या आसपास. मऊ वाळूत पाय रुतला की गुडघा बोलतो, हे खरं. त्यासाठी फुगीर चाकांची खुर्ची मागितली तर फुकट मिळते. मागायला लाजू नका. मी लाजले आणि दोन दिवस गुडघ्याला तेल चोळत बसले.

जुलैचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. व्हर्जिनियाच्या बाजूचा कळप शिंकोटीग गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे. (हो, अग्निशमन दलाच्या. मीही दोनदा विचारून घेतलं.) जुलैच्या शेवटच्या बुधवारी ही मंडळी घोड्यांना खाडी पोहून पार करायला लावतात. १९२५ पासूनची प्रथा आहे. दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो आणि पैसा दलाला मिळतो. बघायला हजारो माणसं चिखलात उभी असतात. ते तुमच्या मिस्टरांचं काम नव्हे. जुलैत डास आणि चावऱ्या माश्याही भरपूर. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला आणि डासांचा फवारा तिकडचाच घ्या. मी इथून नेलेल्या क्रीमला तिथल्या डासांनी भीक घातली नाही.

आता जेवण. आत हॉटेल नाही असं धरूनच चला आणि डबा न्या. पण माझ्यासारखा नेऊ नका. २०१६ च्या जूनमधली गोष्ट. पहाटे उठून मी भाजणीची थालीपिठं लावली, फॉइलमध्ये गुंडाळली, कापडी पिशवीत घातली आणि पार्किंगशेजारच्या लाकडी टेबलावर ठेवून डिकीतून पाण्याच्या बाटल्या काढायला वळले. मागे चर्रर्र आवाज झाला. तांबडे-पांढरे ठिगळ असलेला एक घोडा पिशवीत मान खुपसून उभा. फॉइल त्याने ओठांनी इतकं व्यवस्थित सोललं की जावई म्हणाला, हा रोजचा गिऱ्हाईक दिसतोय. चार थालीपिठं गेली. लोणच्याची डबी हुंगली आणि सोडून दिली.

आम्ही हसत होतो. तेवढ्यात एक पिकल्या केसांच्या स्वयंसेवक बाई आल्या. त्या हसत नव्हत्या. आधी आम्हाला मागे सरकवलं आणि मग शांतपणे सांगितलं, की माणसाचं खाणं लागलेला घोडा गाड्यांजवळ येतो, मग रस्त्यावर येतो, आणि मग एक दिवस गाडीखाली येतो. घोड्यापासून चाळीस फूट लांब राहायचं, म्हणजे एका बसच्या लांबीइतकं. शिवाय तो लाथ मारतो आणि चावतोही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये पेंचच्या रस्त्यावर माकडांना बिस्किटं टाकणाऱ्या एका कुटुंबाला मी चारचौघांत झापलं होतं. डबा गाडीत, काच वर, आणि खातानाही डोळा चौफेर. घोडा आलाच तर जेवण सोडून नव्हे, जेवण उचलून निघा.

हे घोडे तिथे आले कुठून? बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले, असं गाववाले सांगतात. इतिहास जास्त कोरडा आहे. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या मालकांनी जनावरांवरचा कर आणि कुंपणाचे कायदे चुकवायला जनावरं बेटावर आणून सोडली. करचुकवेगिरीतून पर्यटनस्थळ झालेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. त्यांची पोटं बघून तुम्हाला वाटेल की सगळ्या घोड्या गाभण आहेत. तसं नाही. खारट दलदलीतलं गवत खाऊन तहान फार लागते, पाणी ढसाढसा पिऊन पोट फुगतं. मेरीलँडचा कळप ऐंशी ते शंभरच्या दरम्यान ठेवतात आणि त्यासाठी घोड्यांना लांबून सुई मारून संततिनियमनाची लस देऊ लागले. १९९४ मध्ये. आमचे हे म्हणाले, "लाल त्रिकोण दिसला नाही कुठे!"

आणि एक पाहून या. वाळूच्या टेकड्यांच्या वाटेवर मध्येच डांबराचे काळे तुकडे दिसतात. १९५० च्या दशकात या बेटावर प्लॉट पाडून विकले होते, मधोमध रस्ताही केला होता. मार्च १९६२ मध्ये तीन दिवस वादळ झालं, समुद्र बेटावरून आरपार गेला आणि रस्त्याचं भजं झालं. १९६५ मध्ये सरकारने ते बेट राखीव केलं. बेसा-बेलतरोडीकडे प्लॉटच्या पाट्या बघत जाते तेव्हा मला ते डांबर आठवतं.

आम्हा ज्येष्ठ नागरिकांना तिथे सवलत मिळते का? मुलगा म्हणतो मिळते, सून म्हणते नाही. — एक वाचक, प्रतापनगर

सून बरोबर आहे. बासष्ट वर्षांवरच्यांचा स्वस्त पास आहे, पण तो तिथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. आपण पाहुणे. २०२६ पासून पाहुण्यांना वार्षिक पासही महाग झाला आहे, तिथल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि आपल्याला २५०. शिवाय पास नसेल तर गर्दीच्या अकरा पार्कांत परदेशी माणसाला डोक्यामागे शंभर डॉलर जादा. समुद्राकाठची अकेडिया आणि एव्हरग्लेड्स त्या अकरांत येतात. नॅशनल सीशोअर एकही नाही, हा आपला फायदा. केप हॅटरस आणि कॅलिफोर्नियाच्या पॉइंट रेयीसला तर प्रवेशशुल्कच नाही. असाटीगला गाडीमागे पैसे घेतात आणि ते सात दिवस चालतात. मुलाकडे वार्षिक पास असला तर त्याच्या गाडीतल्या सगळ्यांचं त्यात भागतं. तेव्हा गाडीत मुलाला घेतल्याशिवाय निघू नका, आणि घरातला वाद सुनेच्या बाजूने मिटवा.

बाई, आम्ही बोस्टनहून अडीच तास गाडी हाकत केप कॉडला गेलो, तर किनाऱ्याचा मोठा भाग दोऱ्या बांधून बंद! का, तर एका पक्ष्याने अंडी घातली आहेत. मुलाने नागपूरहून नेलेला पतंग काढला तर गार्डने तोही गुंडाळायला लावला. माणसांनी पैसे भरायचे आणि समुद्र पक्ष्यांना? — एक संतप्त वाचक, मनीषनगर

तुमचा राग पोचला. आता माझं ऐका. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, तेव्हा तुम्ही गेटवर जाऊन भांडता का?

त्या पक्ष्याचं नाव पायपिंग प्लोव्हर. आपल्या तलावाकाठी तुरुतुरु पळणाऱ्या चिखल्याचा चुलतभाऊ, कोरड्या वाळूच्या रंगाचा, चिमणीहून थोडा मोठा. घरटं म्हणजे वाळूत पायाने उकरलेला एक खळगा, बस. टिटवी आपल्या मोकळ्या प्लॉटवर खड्यांत खडा मिसळून अंडी घालते ना, तसंच. अंगणातला क्रिकेटचा बॉल शोधताना टिटवी डोक्यावरून ओरडत गेली म्हणून तुम्हाला कळतं; नाहीतर अंडं पायाखाली जाईपर्यंत दिसत नाही. प्लोव्हरची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालू लागतात आणि स्वतःचं खाणं स्वतः शोधायला पाण्याच्या रेषेपर्यंत जातात. उडायला त्यांना महिनाभर लागतो. तो महिना ती कापसाच्या बोळ्यासारखी माणसांच्या, कुत्र्यांच्या आणि जीपच्या मधून पळत असतात. म्हणून दोऱ्या. १९८६ पासून हा पक्षी अटलांटिकच्या काठावर कायद्याने संरक्षित आहे.

आणि पतंगाचं कारण ऐकून मला तर गंमत वाटली. वर तरंगणारा पतंग त्या पक्ष्याला ससाणा वाटतो. तो घाबरून घरटं सोडतो आणि अंडी उन्हात भाजतात. संक्रांतीला महालातल्या गच्चीवर 'ओऽ काट' करणाऱ्या मुलाला हे पटायला जड जाणार, मला कबूल आहे. पण त्याला विचारा, वर खराच ससाणा असता तर तू हललास असतास का?

पुढच्या वेळी श्रावणाच्या शेवटाला, म्हणजे ऑगस्ट उलटताना जा. तोवर बहुतेक दोऱ्या निघतात. मात्र तेव्हा पाण्यात सील असतात आणि सीलमागे मोठे पांढरे शार्क येतात. २०१८ मध्ये तिथे वेलफ्लीटला एका तरुणाचा त्यात जीव गेला. जांभळा झेंडा आणि शार्कचं चित्र दिसलं तर पाय भिजवण्यावर भागवा. वेलफ्लीटलाच मार्कोनीच्या बिनतारी केंद्राची जागा आहे. १९०३ साली तिथून अमेरिकेच्या अध्यक्षांचा संदेश तारेशिवाय इंग्लंडच्या राजाला गेला. मनोरे कधीच गेले, आणि ते ज्या कड्यावर उभे होते तोही बराचसा समुद्रात गेला. पतंगापेक्षा ती जागा मुलाला जास्त आवडेल.

मॅडम, मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की अमेरिकेत एक दीपगृह उचलून दुसरीकडे ठेवलं. मित्र म्हणतात सर फेकतात. — एक विद्यार्थी, भंडारा

सर फेकत नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग.

दीपगृह केप हॅटरसचं. १८७० चं, विटांचं, सुमारे दोनशे फूट उंच, अंगावर काळे-पांढरे पट्टे पिळाने चढत गेलेले. बांधलं तेव्हा समुद्र दीड हजार फुटांवर होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो दीडशे फुटांच्या आत आला. भिंत घालून समुद्र थोपवायचा की दीपगृहच हलवायचं, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी १९९९ च्या उन्हाळ्यात हलवलं. पाया कापला, खाली पोलादी तुळया सारल्या, जॅकवर तोलून धरलं आणि रुळांवरून ढकललं. चार हजार टनांहून जास्त वजन! रूळ गुळगुळीत राहावेत म्हणून त्यांना साबण चोळत होते. एका वेळी पाच-पाच फूट, असं करत २९०० फूट अंतर तेवीस दिवसांत कापलं. एकही वीट पडली नाही.

पण खरा प्रश्न मित्रांनी विचारलाच नाही: समुद्र जवळ का आला? वहीत एक आकृती काढ. डावीकडे मुख्य भूमी, मग उथळ खाडी, मग वाळूचं लांबट बेट, मग समुद्र. वादळ आलं की लाटा समुद्राकडची वाळू उचलतात आणि बेटावरून वाहून नेऊन खाडीकडे टाकतात. पुढून झीज, मागून भर. म्हणजे बेट झिजतच नाही नुसतं, ते हळूहळू जमिनीकडे सरकतं. रोवलेली वस्तू मात्र सरकत नाही. याच बेटांवर रोडँथी आणि बक्स्टन या गावांत २०२० पासून वीसहून जास्त घरं समुद्रात कोसळली आहेत. फोटो बघशील तर कळेल, घर उंच खांबांवर उभं असतं आणि खांबांखालची वाळू गेलेली असते. कन्हानच्या पात्रात उभं राहिल्यावर तुझ्या टाचेखालची वाळू पाणी कसं ओढून नेतं, ते आठव. तेच आहे, फक्त वर दुमजली घर.

काकू, नातवंडांना घेऊन कॅलिफोर्नियाला पॉइंट रेयीसला जाणार आहोत. मी अंबाझरीत पोहायला शिकलेला माणूस आहे, पाण्याची भीती नाही. आणखी काय काळजी घ्यावी? — एक आजोबा, गोकुळपेठ

आजोबा, पाण्याची भीती नाही हीच काळजीची गोष्ट आहे. तलाव ओढत नाही.

पॉइंट रेयीसचं पाणी ऐन उन्हाळ्यातही एवढं गार असतं की छाती आवळते. आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून मध्येच एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर चढून येते. तिथे सरळ नियम आहे, समुद्राकडे पाठ करू नका. फोटोसाठीही नाही, आणि आपल्या लोकांचा तर तोच कार्यक्रम असतो. नातवंडांचा हात धरून कोरड्या वाळूवर राहा. पोहायची हौस अटलांटिकवर भागवा, तीही जीवरक्षक बसलेला असेल तिथेच. तिथे दुसरा धोका, रिप करंट. लाटा फुटून आलेलं पाणी एका चिंचोळ्या वाटेने वेगाने परत जातं. वरून बघितलं तर दोन्ही बाजूंना फेस आणि मधे गुळगुळीत, काळसर पट्टा. अडाण्याला तीच जागा शांत वाटते! त्यात सापडलात तर काठाच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. काठाला समांतर पोहा, पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. तेही जमत नसेल तर उताणे तरंगा आणि हात हलवा. आजींना सांगा, साडी नेसून घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. ओली साडी पायांत गुंतली की उठता येत नाही. माझ्या बहिणीचं झालंय ते, मुरूडला.

पॉइंट रेयीसची मजा पाण्याबाहेर आहे. दीपगृहापर्यंत ३१३ पायऱ्या उतरायच्या. उतरायला हौस, चढायला दम. रामटेकचा गड चढणाऱ्याला जमतं, पण वारा आणि धुकं असं की जूनमध्येही स्वेटर लागतो. हिवाळ्यात गेलात तर ड्रेक्स बीचवर एलिफंट सील पडलेले असतात, मेटाडोरएवढे, आणि घोरतात. आणखी एक, सॅन अँड्रियास हा भूकंपाचा भेग-पट्टा इथूनच जातो. १९०६ च्या भूकंपात एक कुंपण तुटून दोन तुकड्यांमध्ये सोळा फुटांच्या आसपास अंतर पडलं. ती जागा सपाट वाटेवर आहे, नातवंडांना दाखवा.

माझा धाकटा भाऊ न्यूजर्सीत असतो, असायचा. मार्चमध्ये गेला. त्याला समुद्र फार आवडायचा. वहिनी म्हणतात तिथल्याच किनाऱ्यावर अस्थी सोडू. तिथे असं चालतं का? पूजा, नारळ, फुलं? — एक बहीण, महाल

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शक्य तितकं स्पष्ट सांगते.

पार्क सर्व्हिसच्या कुठल्याही किनाऱ्यावर, न्यूजर्सीतलं सँडी हूकही त्यात आलं, परवानगीशिवाय रक्षा विसर्जन करता येत नाही. परवानगी मिळते. त्या पार्कच्या कार्यालयाला तीन-चार आठवडे आधी ईमेल करून विचारायचं, तारीख आणि किती माणसं येणार ते कळवायचं. जागा, वेळ आणि अटी ते सांगतात. पत्र आलं की छापून सोबत ठेवायचं. वाळूवर काही मांडून मागे ठेवता येत नाही, म्हणजे पणती नाही, फोटो नाही, कलश नाही.

समुद्राच्या पाण्यात सोडायच्या असतील तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा नियम वेगळा आहे. काठापासून तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर आत जाऊन सोडायच्या, आणि तीस दिवसांच्या आत खात्याला कळवायचं. आधी परवाना लागत नाही, नंतर कळवणं पुरतं. अशा कामासाठी नाव घेऊन जाणारे लोक किनाऱ्यालगतच्या गावांतून असतात. ताजी फुलं चालतात. प्लास्टिकची फुलं, हारातला जरीचा दोरा आणि पिशवी चालत नाही. नारळाचं नाववाल्याला आधी विचारून घ्या. सुती कापडात बांधून नेलंत तर गाठ सोडून कापड परत आणा.

आणखी एक, मनाची तयारी म्हणून सांगते. तिथे दहनानंतर अस्थी दळून बारीक पूड करून देतात. आपण तिसऱ्या दिवशी राख सावडतो तेव्हा हाताला जे लागतं ते तिथे नसतं. माझ्या एका मैत्रिणीने ते डबीत पाहिलं आणि तिला वाटलं की चुकीची डबी दिली. वाऱ्याकडे पाठ करून सोडा आणि पाण्याच्या जवळ हात नेऊन सोडा.

वहिनींची हरकत नसेल तर थोड्या इकडे आणता येतील. दहनाचा दाखला आणि वकिलातीचे कागद लागतात. अंत्यविधीचं काम करणारे लोक ते करून देतात. म्हणजे थोड्या त्याच्या समुद्रात आणि थोड्या रामटेकला अंबाळ्यावर. तुमच्या आई आहेत का? त्यांना विचारून ठरवा.

काही चिठ्ठ्या, एकेका ओळीत

टेक्ससला कासवं (वाचक, अमरावती): हो, पाद्रे आयलंडला. वेळासला ऑलिव्ह रिडले येते, तिचीच धाकटी बहीण केम्प्स रिडले. समुद्री कासवांत सगळ्यात लहान. जून ते ऑगस्टमध्ये पिल्लं सोडतात, भल्या पहाटे, आणि कधी सोडणार ते आदल्या दिवशीही नक्की नसतं. त्यांचा फोन लावून ऐकायचा आणि गजर लावून झोपायचं.

रॉकेट आणि समुद्र एकाच दिवशी (वाचक, यवतमाळ): फ्लोरिडातला कनॅव्हरल किनारा अवकाश केंद्राच्या अगदी शेजारी आहे. त्यामुळेच काही उड्डाणांच्या वेळी तिथला प्लायालिंडाचा भाग बंद ठेवतात. म्हणजे आधी विचारून मगच निघा. आणि प्लायालिंडाला गेलात तर शेवटच्या, तेरा नंबरच्या पार्किंगपर्यंत जाऊ नका. तिकडची मंडळी कपड्यांचा भार वाहत नाहीत. सासूबाईंना घेऊन गेलेल्या एका कुटुंबाची कथा मला माहीत आहे, ती छापण्यासारखी नाही.

न्यूयॉर्कला आहोत, गाडी नाही (वाचक, खामला): फायर आयलंड. ट्रेनने सेव्हिल, तिथून बोटीने सेलर्स हेवन. तिथे वाळूच्या टेकड्यांमागे बुटकं जुनं रान आहे. झाड टेकडीच्या वर डोकं काढतं तेव्हा खारा वारा तेवढाच शेंडा जाळतो, त्यामुळे सगळं रान कात्रीने कापल्यासारखं एका पातळीत. गोचीड फार, पायवाट सोडू नका.

बाई, माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. पारशिवनीपलीकडे फारशा गेल्या नाहीत, समुद्र कधी पाहिला नाही. मी पुढच्या महिन्यात लेकाबरोबर असाटीगला जाणार आहे. त्यांच्यासाठी बाटलीभर वाळू आणता येईल का? — एक सून, मानेवाडा

वाळू नाही आणता येणार. पार्कातली वाळू, दगड, झाडाचं पान काही उचलायचं नसतं. रिकामे शंख-शिंपले थोडे घेऊ देतात, पण प्रत्येक पार्कचा नियम वेगळा, गेटवर विचारा. आणि शंख हलवून, हुंगून, उन्हात ठेवून बघा. आत कोणी राहत असेल तर तो परत पाण्यात.

त्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा. सकाळी सातला किनाऱ्यावर असाल तेव्हा मानेवाड्यात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. सासूबाई उठून चहा घेत असतील. वाळूत उतरण्याआधी सिग्नल बघून घ्या, पुढे पुढे तो जातो. फोन आडवा धरा आणि बोलू नका, नुसता आवाज ऐकू द्या. मी माझ्या आईला असाच दाखवला होता, थालीपिठं गेली त्याच दिवशी. लाटा दाखवल्या, मग लांबून घोडे दाखवले. आई बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "एवढं खारं पाणी सगळीकडे. त्या जनावरांना प्यायचं पाणी कोण देते वं?"

मी म्हटलं, आत गोड्या पाण्याची तळी आहेत.

"असतील तं बरं," ती म्हणाली, आणि फोन ताईकडे दिला.